पोत्यात हात

इतिहासाच्या पुस्तकात कोणता सरदार कुठल्या लढाईत घोड्यावरून पडला याची तिथीवार नोंद असते. पण त्या घोड्याचा हरभरा कुणी, कुठल्या पेठेतून आणि कसा पारखून आणला, याबद्दल इतिहासकार अळीमिळी गुपचिळी धरून बसतात. माझ्या मते मानवजातीचा खरा इतिहास दुकानाच्या फळीवर घडतो. राज्यं बुडतात, नवी येतात; पण तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ वर काढणारा हात काही बदलत नाही. वरवरची मूठ घेतो तो नवशिका. वाणी वर चांगला माल पसरतो, हे आपल्याकडे पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात.

ही मूठ एकदा वर आली, की पुढचे संस्कार सुरू होतात. दाणे तळहातावर पसरायचे, खडे किती ते पाहायचं, एक दाणा दाढेखाली घालून 'कट्' असा आवाज येतो का ते ऐकायचं. गुळाचा खडा जिभेवर. नारळ कानाशी. आंबा नाकाशी. भेंडीचं शेपूट मोडायचं, दुधीला नख लावायचं, आणि कलिंगडवाल्याला त्रिकोणी फोड काढून आतला लाल रंग दाखवायला लावायचा. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पंचेंद्रियं परमेश्वरानं मोक्षप्राप्तीसाठी दिली असं शास्त्रकार म्हणतात. आमच्या आजीनं ती सगळी मंडईत वापरली, आणि मला वाटतं त्यांचा तोच अधिक योग्य विनियोग होता. एवढं करून वर मूठभर कोथिंबीर आणि दोन हिरव्या मिरच्या फुकट घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. तो हक्क होता. त्याला लाच म्हणणारा माणूस मंडईत कधी गेलेलाच नसावा.

परदेशी पाहुण्यांना हा सगळा संशयीपणा वाटतो. पण त्याच्यामागे स्वभावापेक्षा हवामानाचा हात मोठा आहे. आमचं मूळ घर रत्नागिरीकडचं. तिथे मृग लागण्यापूर्वी आगोटीची खरेदी उरकायची म्हणजे उरकायचीच. एकदा पाऊस लागला की होड्या बंद, पऱ्ये फुगलेले, वाटा चिखलात. पुढच्या चार महिन्यांचे तांदूळ, डाळी, कांद्याच्या माळा, सुकी मिरची, आमसुलं, पापड, ज्यांना चालत असेल त्यांचे सुके बोंबील आणि सोडे, शिवाय खोपीत रचलेली लाकडं, असा सगळा संसार मे महिन्यात घरात यायचा. गोव्यातही हेच. तिथे या साठ्याला पोर्तुगिजांकडून आलेल्या शब्दानं 'पुरुमेंत' म्हणतात, आणि मडगावला त्याचं फेस्त भरतं. घाटावर आगोट हा शब्द नसला तरी बेगमी हा शब्द आहे. गव्हाला एरंडेल चोळणं आणि कणगीत कडुनिंबाचा पाला घालणं आहे.

आता विचार करा. मे महिन्यात घेतलेल्या पोत्याच्या तळाशी किडके तांदूळ निघाले, तर ते कळणार श्रावणात. श्रावणात वाण्याकडे भांडायला जायचं तर मधे नदी. नदी कुणाची बाजू ऐकून घेत नाही. म्हणून भांडण आधी, खरेदी नंतर, असा उलटा क्रम आमच्या पूर्वजांनी लावला. माल घरी येण्यापूर्वी आत काय आहे ते बघू देणं, हा दुकानदाराचा उपकार नव्हता. ती व्यवहाराची पहिली अट होती. पोतं उघडं नसेल तर दुकान बंद आहे असंच समजायचं.

मात्र पोतं उघडं असलं तरी माप उघडं होतं असं नाही. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी दुपटीदुपटीनं वाढत जाणारी ही भावंडं ऐकायला गोड; पण या गावची पायली त्या गावच्या पायलीला ओळख देत नसे. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबानं सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर निराळाच. मुलगी दिलेल्या गावची पायली लहान आहे हे लग्नानंतर कळल्यामुळे दोन घराण्यांत धुसफूस झाल्याचं मी लहानपणी ऐकलेलं आहे. ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात गिऱ्हाईक. दुसऱ्या गावात जायचं तर आधी तिथली पायली शिका, मग तांदूळ मागा.

हे सगळं सरकारनं एका फटक्यात निकालात काढलं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो आणि ग्रॅम येऊ लागले, आणि १ एप्रिल १९६२पासून त्यांच्याशिवाय दुसरं वजन चालेना. दोन्ही वेळा एक एप्रिलच कुणी निवडला ते मला ठाऊक नाही, पण आमच्या आजीला ती थट्टाच वाटली. "शेराचा किलो केला म्हणजे तांदूळ वाढले का रे?" असं तिनं मला विचारलं. तांदूळ वाढले नव्हते, पण एक गोष्ट झाली होती. किलो कुणाच्या बापाचा नव्हता. तो पुण्यात जेवढा, तेवढाच राजापुरात. तो वापरण्याबद्दल कुणाला भाडं द्यावं लागत नव्हतं, आणि तो लहान करायची कुणाला मुभा नव्हती. सगळ्यांचं म्हणून एक माप असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला पुढे पन्नाशी उलटल्यावर उमगलं. तेही किराणा घेताना नव्हे.

कारण दरम्यान पोतं बंद झालं होतं. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, मग चकचकीत पुडे. पुड्यावर काय काय छापायचं याचे नियम १९७७ साली झाले आणि १९९०मध्ये सर्व करांसहित कमाल किंमत छापणं आलं. त्यामुळे फसवणूक पुष्कळ कमी झाली, हे मान्य केलं पाहिजे. खडे तर इतके कमी झाले की खडे निवडता निवडता होणाऱ्या शेजारणींच्या गप्पाही संपल्या. पण हात आत जाईना. पुड्यावर चित्र काश्मिरी मिरचीचं, आत काय ते फोडल्यावर कळणार, आणि फोडलेला पुडा परत घेणार नाही अशी पाटी वाण्याच्या डोक्यावर. घटक-पदार्थांची यादी मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात. दाढेखाली दाणा घालायची सोय गेली आणि तिच्या जागी भिंग आलं.

इथपर्यंत गोष्ट स्वयंपाकघरातली. आता मी तुम्हांला एकदम अमेरिकेत नेणार आहे. घाबरू नका, प्रश्न तोच आहे, फक्त पोत्याच्या जागी छपाईयंत्र आहे.

१९८०च्या सुमारास एमआयटी या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत भेट म्हणून एक नवं लेसर छपाईयंत्र आलं. भेटच ती, दात मोजायचे नाहीत. पण त्यात कागद अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणानं जुन्या यंत्रात एक सोय करून ठेवली होती, की कागद अडकला तर सगळ्यांना आपोआप निरोप जावा. नव्या यंत्रातही तेच करायचं त्याच्या मनात होतं. पण यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर बरोबर आलाच नव्हता. पोतं शिवलेलं होतं. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो मजकूर आहे असं कळलं म्हणून हा त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, मी कुणाला दाखवणार नाही असा करार केलेला आहे. आपल्याकडे लोणच्याची कृती विचारल्यावर काही बायका मोहरीचं प्रमाण तेवढं सांगत नाहीत, तसं. पण तिथे कंपन्यांनी ते कागदावर आणून सही घेतली होती.

आपला कुणी असता तर घरी येऊन चार शिव्या घालून झोपला असता. या गृहस्थानं २७ सप्टेंबर १९८३ला जाहीर केलं, की संगणक चालवणारी सगळी व्यवस्था मी नव्यानं लिहितो आणि ती सगळ्यांना उघडी ठेवतो. वापरा, आत बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. पुढे १९८९मध्ये त्यानं एक परवाना लिहिला. त्यातली मेख अशी, की हे उघडं पोतं घेऊन त्यात भर घालून पुढे दिलंत, तर तुमचंही पोतं उघडंच ठेवावं लागेल. विरजणासारखं आहे हे. शेजारणीकडून विरजण आणलं तर आपल्या दह्यातलं पुढच्या शेजारणीला नाही म्हणता येत नाही.

बिचाऱ्याचं निम्मं आयुष्य एका शब्दाचा अर्थ समजावण्यात गेलं. इंग्रजीत मोकळ्या गोष्टीला आणि बिनपैशाच्या गोष्टीला शब्द एकच. त्यामुळे लोकांना वाटलं, हा माल फुकट वाटतोय. मराठीत जन्मला असता तर त्याचे श्रम वाचले असते. आपल्याकडे मुक्त वेगळा आणि फुकट वेगळा. आणि मंडईतल्या कोथिंबिरीमुळे त्यातला फरक शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. शेवटी १९९८मध्ये काही मंडळींनी त्याला 'ओपन सोर्स' असं नाव दिलं. तोवर फिनलंडमधला एक विद्यार्थी मधेच उगवला होता. लिनस टॉरवाल्ड्स, वय एकवीस, मुक्काम हेलसिंकी. तिथला हिवाळा असा, की बाहेर जाण्यापेक्षा घरात बसून प्रोग्रॅम लिहिणं बरं वाटावं. १९९१च्या ऑगस्टमध्ये त्यानं सांगितलं, की मी एक लहानशी व्यवस्था लिहितोय, केवळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. पुढच्याच वर्षी तीही त्याच परवान्याखाली आली. त्या हौसेचं नाव लिनक्स.

आमच्या घरात हा इतिहास एका वहीतून शिरला. आजीची मसाल्यांची आणि लोणच्यांची वही होती. शिसपेन्सिलीनं लिहिलेली, हळदीचे डाग पडलेली. १९९६ साली मी ती संगणकावर उतरवून काढली. त्या काळी मराठी उमटवणारे प्रोग्रॅम पुष्कळ होते आणि प्रत्येकाची अक्षरांची गुप्त बाराखडी वेगळी. एकाचा 'क' दुसऱ्याच्या घरी गेला की त्याचं उद्गारचिन्ह व्हायचं. प्रत्येक गावची पायली वेगळी, तो प्रकार. दहा वर्षांनी नवा संगणक आला, जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना, आणि तो विकणारं दुकानच उठलं. आजीचा गोडा मसाला उघडला तर पडद्यावर चौकोन, त्रिकोण, कंस आणि डॉलरची चिन्हं. मसाल्यात डॉलर पडलेला पाहायला आजी नव्हती. आई मात्र होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, कपाटातून मूळ वही काढली, आणि "हिला वीज लागत नाही," एवढंच म्हणाली. पुढे तीही गेली. वहीत तिच्या अक्षरातल्या काही दुरुस्त्या आहेत, म्हणून मी ती आता फडक्यात गुंडाळून ठेवतो.

या रोगावरचं औषध त्याआधीच निघालं होतं. १९९१मध्ये युनिकोड आलं. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा, सगळीकडे तोच, आणि त्यात देवनागरीही पहिल्यापासून होती. म्हणजे अक्षरांचा किलोग्रॅमच तो! पण मापं आली तरी तराजू लागतोच. २००४मध्ये रेड हॅट या कंपनीनं 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे टाइप उघडे करून दिले, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्यावर पुण्यातली माणसं काम करत होती. ज्या गावात पत्ता विचारला तर अर्धाच सांगतात, त्या गावात कुणीतरी अख्खी लिपी उघडी ठेवत होतं, या गोष्टीची नोंद इतिहासानं घ्यावी अशी माझी नम्र सूचना आहे.

आणि आता पुन्हा पाऊस. पुण्यात 'शिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. शिमल्याशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. संबंध पावसाचा आहे. हवामान खात्याचं मुख्य ठाणं १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं आणि नाव तेवढं बरोबर घेऊन आलं. ठाणं १९४४ला दिल्लीला गेलं. नाव बसथांब्यापाशी राहिलं. या खात्यावर विनोद करणं हा आमच्या पिढीचा जोडधंदा होता. पण अंदाज बांधायला अवाढव्य आकडेमोड लागते आणि तिला अवाढव्य यंत्र लागतं. १९८०च्या दशकात भारतानं अमेरिकेकडे महासंगणक मागितला. मागितला तो मिळाला नाही. त्याहून लहान मिळाला, आणि तोही हवामानासाठीच वापरायचा अशा अटींवर. आपला पाऊस, आपली शेती, आणि तो कधी येणार हे सांगणाऱ्या यंत्राला मात्र दुसऱ्याचं कुलूप. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम' उभा राहिला. युनिकोड, लिनक्स आणि परम, तिन्ही एकाच वर्षातली. त्या वर्षी मी काय करत होतो म्हणाल, तर गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरसाठी नंबर लावून बसलो होतो.

पुढे लिनक्सची हौस इतकी वाढली, की नोव्हेंबर २०१७पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे तिच्यावर चालू लागले. २०१८मध्ये पाषाणच्या हवामान संस्थेत 'प्रत्यूष' आला, तोही त्यातलाच. म्हणजे हेलसिंकीच्या थंडीत एका पोरानं हौसेनं लिहिलेल्या चार ओळींपासून सुरू झालेल्या गोष्टीवर आमचा मृग कधी बरसणार याचं गणित होतं, आणि कुठल्याही देशाला ती आता कुलपात घालता येत नाही. एवढंच काय, वाण्याच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच आहे. दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन तुम्ही चौकटीचं चित्र टिपता, तेव्हा हा सगळा इतिहास 'टिंग' असा वाजतो. फक्त कोथिंबिरीचे आता दहा रुपये पडतात.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण आजीची शिकवण आड येते: वरची मूठ पाहून भुलू नये. पोतं उघडं आहे म्हणजे माल चांगला आहे, असं नव्हे. इंटरनेटवरच्या असंख्य दारांना लागणारं कुलूप बनवणारा ओपन-एसएसएल नावाचा एक उघडा प्रोग्रॅम आहे. त्यात २०१२ साली एक भोक पडलं, आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. एप्रिल २०१४मध्ये ते जगजाहीर झालं तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली. बघायला कुणालाच बंदी नव्हती. पण रांगेतल्या प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्यानं पाहिलं असेल. रेशनच्या दुकानातली रांग ज्यानं अनुभवली आहे त्याला हे वेगळं समजावायला नको.

याच्या उलट २०२४ची गोष्ट. कुणीतरी दोन वर्षं भला माणूस म्हणून वावरून एका बारक्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं, की आपल्या संगणकात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा म्हणाला असता, चहा घेऊन येऊ. यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातला खडा वर काढला. काटा तांदूळभर कलला तरी "जरा पुन्हा तोला हो" म्हणणारी, आणि त्याबद्दल मागच्या रांगेचे शिव्याशाप खाणारी बाई मी प्रत्येक मंडईत पाहिली आहे. तिच्यामुळे बाकीच्या रांगेला माल नीट मिळतो आणि तिचे आभार कुणी मानत नाही. फ्रॉइंडचे निदान लोकांनी मानले.

सध्या आमच्या घरी वाणसामान दहा मिनिटांत येतं. आगोट कशाला करायची, असं नातवंडं विचारतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्यांचा जन्म व्हायचा होता. बायको त्यांना उत्तर देत नाही. मे महिना लागला की मुकाट्यानं यादी करते.

त्यातल्याच एका नातीनं आजीची वही युनिकोडमध्ये उतरवून सगळ्यांसाठी उघडी ठेवायचं मनावर घेतलं आहे. अक्षर लागलं, शब्द लागले, आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली: 'धणे चिपटंभर'. चिपटं म्हणजे किती, हे कुठल्याही संगणकाला आमच्या घरापुरतं सांगता येईना. शेवटी माळ्यावरून पितळेचं चिपटं उतरवलं, चिंचेनं घासलं, धण्यांनी शिगोशीग भरलं आणि ताटलीत ओतून काट्यावर ठेवलं. नातीनं ग्रॅम लिहून घेतले आणि कंसात 'आमच्या घरचं चिपटं' अशी टीप दिली. ती वाचून राजापूरची चुलतबहीण फोनवर म्हणाली, "तुमचं चिपटं पहिल्यापासून लहानच होतं हो." नातीनं तिला सांगितलं, वही उघडीच आहे, तुमचं तोलून खाली लिहा. आता आमच्या खाली पाच घरांची चिपटी आहेत, आणि दोन आकडे जुळतील तर शपथ.